ख्रिस्ती जीवनदृष्टी आणि आपली मराठी संस्कृती: नागपूरच्या विश्वासी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदर, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका, खलाशी लाइन इथल्या घरांत आणि मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या समुदायांत) जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. संस्कृती घाऊक घेता येत नाही आणि घाऊक टाकताही येत नाही, एकेक गोष्ट हातात घेऊन पाहावी लागते, हे आमचं म्हणणं जवळजवळ प्रत्येक उत्तरात येईल. आपल्या मंडळ्यांची एक जुनी चूकही वारंवार समोर येईल. जे ठेवायला हरकत नव्हती ते आपण टाकलं, आणि जे उंबऱ्याबाहेर ठेवायला हवं होतं ते घरात घेतलं.

जीवनदृष्टी म्हणजे काय? प्रभूवर विश्वास आहे, तेवढं पुरेसं नाही का?

विश्वास कुणावर आहे ते बाप्तिस्म्याच्या वेळी सांगितलं जातं. त्या विश्वासातून पैसा, शरीर, आजार, जात, शेजारी आणि मरण यांच्याकडे आपण कसं पाहतो, ती जीवनदृष्टी. ती प्रत्येकाजवळ असते. ज्याने कधी विचारच केला नाही त्याच्याजवळही असते, फक्त ती उसनी असते. 'सगळी माणसं देवाच्या प्रतिरूपाची' असं रविवारी म्हणणारं घर सोमवारी सुनेच्या सावळ्या रंगावर कुजबुजतं, तेव्हा त्या घराचा विश्वास एक आणि दृष्टी दुसरी असते.

तपासायला चार प्रश्न पुरतात. हे जग कुणाचं? बिघाड कुठे झाला? दुरुस्ती कशाने होते? शेवट कुठे आहे? पवित्र शास्त्र यांची उत्तरं एका सलग कथेत देतं. देवाने केलेलं जग चांगलं आहे (उत्पत्ती १ आणि २), माणसाच्या बंडाने ते सगळीकडून बिघडलं (उत्पत्ती ३), ख्रिस्ताच्या वधस्तंभाने व पुनरुत्थानाने समेट झाला (कलस्सैकरांस पत्र १:१५–२०), आणि शेवट नव्या आकाशात व नव्या पृथ्वीवर आहे (प्रकटीकरण २१).

गडबड होते ती कथेचा एखादा तुकडा गाळल्यामुळे. बऱ्याच घरांत कथा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरू होते आणि 'आत्मा स्वर्गात गेला' इथे संपते. मग शेती, कविता, नाग नदीची घाण, कारखान्यातलं काम, सगळं 'जगिक' ठरतं आणि विश्वासाशी त्याचा संबंध उरत नाही. उलट काही घरं तिसरा अध्यायच वाचत नाहीत. त्यांना 'आपली परंपरा' म्हटलं की सगळं चालतं.

हे चार प्रश्न एखाद्या सणाला लावून दाखवा.

आपल्याच शहरातली मारबत घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात, सोबत चालू वाईटाचे पुतळे म्हणजे बडगे असतात, इतवारी-महाल भागात पाय ठेवायला जागा नसते, आणि 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' हा गजर होतो. शेवटी पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात.

बिघाड कुठे आहे? मारबत सांगते की रोगराईत, महागाईत, भ्रष्टाचारात, आणि बडगा त्या वाईटाला चेहरा देतो. ख्रिस्ती माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. यिर्मयाने यरुशलेमेच्या वडिलांसमोर मडकं फोडलं (यिर्मया १९), यहेज्केलाने विटेवर शहराचा वेढा रेखाटला (यहेज्केल ४). चौकात उभं राहून वाईटाला नावानिशी वाईट म्हणणं हे संदेष्ट्यांचंही काम होतं.

दुरुस्ती कशाने होते? वाईट गावाबाहेर नेऊन जाळल्याने, असं मारबतीचं उत्तर आहे. लेवीय १६ उघडून पाहा, तिथेही पापाचं ओझं घेऊन एक बकरा रानात सोडला जातो. मात्र त्याआधी याजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो. ओझं बाहेरून आलेलं नसतं, आपलंच असतं. मार्क ७:२१–२३ मध्ये प्रभू हेच सांगतो, की वाईट माणसाच्या अंतःकरणातून निघतं. इब्री लोकांस पत्र १३:१२ म्हणतं की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. 'गावाबाहेर' हा शब्द त्यामुळे नागपूरच्या माणसाला चटकन कळतो, आणि सुवार्ता समजावून सांगायला मारबतीइतकं जवळचं उदाहरण दुसऱ्या शहराजवळ क्वचितच असेल.

मग करायचं काय? मिरवणूक पाहणं, भ्रष्टाचारावरच्या बडग्याला हातभार लावणं, यात अडचण नाही. लेकराच्या दुखण्यासाठी मारबतीपुढे हात जोडून मागणं करता येणार नाही, कारण तिथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

संस्कृती देवाने दिली की पापातून आली?

उत्पत्ती ४:२०–२२ वाचा. वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल आणि तांब्या-लोखंडाची हत्यारं घडवणारा तुबल-काइन हे दोघेही काइनाच्या, म्हणजे भावाचा खून करणाऱ्याच्या, वंशातले. तरी पुढे मंदिराच्या उपासनेत वाद्यंही वाजली आणि धातूकामही आलं. कौशल्य कोणत्या घरातून आलं यावर शास्त्र त्याची किंमत ठरवत नाही. आणि शेवटी, प्रकटीकरण २१:२४–२७ प्रमाणे, राष्ट्रांचं वैभव त्या नगरीत आणलं जातं, पण अशुद्ध काही आत येत नाही.

शेजारून गणपतीचा, सत्यनारायणाचा प्रसाद येतो. घ्यायचा की नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ) ८ ते १० असे तीन अध्याय यावर खर्च केले आहेत, पण लोक एकच वचन उचलतात म्हणून भांडण होतं. पौल तीन वेगळ्या जागा सांगतो.

पहिली जागा म्हणजे मूर्तीच्या देवळातली पंगत. तिथे तो स्पष्ट नाही म्हणतो (१०:१४–२२), कारण ते जेवण म्हणजे उपासनेतला सहभाग. दुसरी जागा बाजार. मांसाच्या दुकानातलं काहीही चौकशी न करता खा, कारण 'पृथ्वी प्रभूची आहे' (१०:२५–२६). तिसरी जागा शेजाऱ्याचं घर. त्याने जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१०:२७–२९).

आता दारात उभ्या असलेल्या काकू पाहा. हातात स्टीलची वाटी, वर झाकण, आत शिरा. पूजेला तुम्ही गेला नव्हता, म्हणून ही पहिली जागा नाही. 'प्रसाद आहे हो' असं त्या म्हणाल्या, म्हणून नुसता बाजारही नाही. काही पाळक म्हणतात की 'प्रसाद' हा शब्द उच्चारला म्हणजे २८ वं वचन लागू झालं, खाऊ नये. काहींच्या मते काकू श्रद्धेची परीक्षा घ्यायला आलेल्या नाहीत, शेजारधर्म पाळायला आल्या आहेत, आणि मूर्ती काहीच नाही हे पौलानेच ८:४ मध्ये म्हटलं आहे. आम्हाला पहिलं मत शास्त्राच्या शब्दांना जास्त धरून वाटतं, पण दुसरं मानणाऱ्याला कमी विश्वासाचा म्हणायला आम्ही तयार नाही.

काही गोष्टी मात्र दोन्ही बाजूंनी चुकतात. वाटी दारातच परत करणं. हसून घेऊन मागच्या कचऱ्यात टाकणं, ज्यात अन्नाचाही अपमान होतो आणि खोटेपणाही. उंबऱ्यावर मूर्तिपूजेवर भाषण देणं. खायचं नसेल तर एकदाच, पहिल्याच वर्षी, सरळ सांगा: 'काकू, आमच्याकडे नैवेद्याचं खात नाहीत, राग मानू नका. पण तुमच्या हातचा शिरा मला आवडतो, एरवी केलात की आठवणीने द्या.' बहुतेक काकू पुढच्या वर्षी पूजेआधीच वेगळी वाटी काढून ठेवतात. आणि वाटी रिकामी परत करू नका, हा आपला रिवाज ख्रिस्ती घरानेही पाळावा. नाताळात करंज्या, शंकरपाळे, केक यांचं ताट पहिल्यांदा त्याच घरी जाऊ द्या.

घरात नुकताच विश्वासात आलेला कुणी असेल, ज्याच्यासाठी प्रसाद कालपर्यंत खरी उपासना होती, तर त्याच्यासमोर तुमचं स्वातंत्र्य बाजूला ठेवा. आठव्या अध्यायाचा रोख तोच आहे.

कारखान्यात खंडेनवमीला मशिनची पूजा असते. सगळ्यांना उभं राहावं लागतं.

शास्त्रातली दोन माणसं पाहा. बंदिवान म्हणून नेलेल्या दानीएलाने बाबेलमध्ये परकं नाव स्वीकारलं, खास्द्यांची भाषा व विद्या तीन वर्षं शिकण्याची राजाची योजना मान्य केली, सरकारी नोकरी केली. नकार एकाच गोष्टीला दिला, राजाच्या ताटातल्या अन्नाला. नकाराची रीतही पाहण्यासारखी आहे. त्याने आधी विनंती केली, अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली, आणि पर्याय दिला: दहा दिवस शाकभाजी व पाणी द्या, मग तोंडं पाहून ठरवा (दानीएल १). दुसरा नामान, अरामाच्या राजाचा सेनापती. तो विश्वासात आल्यावर सांगतो की माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. संदेष्टा अलीशा त्याला 'शांतीने जा' म्हणतो (२ राजे ५:१८–१९). तो नामानावर चिडत नाही, आणि नियमही करून देत नाही.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात याचा अर्थ असा. ऐन नवमीला सकाळी नाही म्हणू नका. आठ-दहा दिवस आधी सुपरवायझरला एकट्याला भेटा. मशिन पुसणं, ऑइलिंग, तोरण, पेढे वाटणं, फोटो, हे मी आनंदाने करीन, आरती आणि नारळ दुसऱ्याने करावा, असं नेमकं सांगा. 'मला पूजा चालत नाही' एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याला कामचुकारपणा वाटतो. त्या अर्ध्या तासात गेट किंवा फोन सांभाळायची ड्यूटी मागून घेतली तर दोघांचीही सोय होते. हात जोडावेच लागतील अशी सक्ती झाली, तर नामानासारखी तुमची ओढाताण पाळकांना मोकळेपणाने सांगा, लपवत जगू नका.

टिकली, मंगळसूत्र, हळद, तोरण, रांगोळी चालते का?

यासाठी तीन ढीग करा.

जे निव्वळ शोभेचं किंवा रिवाजाचं आहे ते ठेवा: रांगोळी, आंब्याचं तोरण, हळदीचा कार्यक्रम, हिरव्या बांगड्या. ज्याला अर्थ आहे पण तो बदलता येतो, ते बदलून ठेवा. काळ्या मण्यांत क्रूस ओवलेलं मंगळसूत्र कितीतरी मराठी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात असतं आणि ते कुणालाच खटकत नाही. ज्याचा अर्थच वेगळी कथा सांगतो ते सोडा: मुहूर्त, पत्रिका जुळवणं, दृष्ट काढणं, नवस, लिंबू-मिरची.

टिकलीवर मंडळ्यांमध्ये वाद आहे. तिचा अर्थ घराघरांत वेगळा आहे, म्हणून नियम करू नये असं आमचं मत. विधवेने टिकली लावू नये, हळदीच्या वेळी तिने बाजूला बसावं, हा विचार मात्र तिसऱ्या ढिगातला आहे. आणि तो आपल्याकडच्या लग्नांमध्ये अजून सापडतो.

उपासनेत तबला-पेटी, भजन, आरती आणावी का? की ते हिंदूंचं अनुकरण होईल?

फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहिलं आणि ते १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन, अभंग आणि कीर्तन मंडळीत आणलं. 'उपासना संगीत' हे मंडळीचं गीतपुस्तक उघडलं की त्यांची पदं भेटतात. ओवी आणि अभंग मंडळीला नवे नाहीत. कॅथलिकांमध्ये १९६९ साली भारतातल्या उपासनेसाठी बारा बदलांना रोमची मान्यता मिळाली. त्यात पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, आरती हे सगळं होतं.

बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. चाल भजनाची घेतली, पण शब्द भाषांतरित इंग्रजी गाण्याचे ठेवले, तर लय अडखळते, मात्रा जुळत नाहीत आणि म्हातारी माणसं तोंड मिटून बसतात. पट्टी गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरवली तर मंडळी श्रोते होतात. सर्वांत वरचा सूर मागच्या बाकावरच्या आजीला लागतो का ते पाहून पेटीवर पट्टी ठरवा. सुरुवातीला महिन्यातून एकच रविवार, तीन पदं, त्यांतलं एक तरी सर्वांना पाठ असलेलं, एवढंच करा. आरतीबद्दल, जिथे नव्या विश्वासणाऱ्यांना ती जुनी पूजाच वाटते तिथे घाई करू नये. ज्यांच्यासाठी हे बदल करायचे, त्यांनाच त्यात सर्वाधिक अवघडल्यासारखं होतं असं पुष्कळदा दिसतं.

'ख्रिस्ती म्हणजे परदेशी धर्म' या म्हणण्याला काय उत्तर द्यावं?

आधी त्या म्हणण्यातलं खरं मान्य करावं. नागपूरला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले, आणि पुढे चर्च, शाळा, दवाखाने इंग्रजी राजवटीच्या सावलीत वाढले. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची घडणच इंग्लंडमधल्या देवळासारखी आहे. आपल्यातल्या अनेकांनी बाप्तिस्म्याबरोबर आडनाव, पोशाख आणि बोलीही बदलली. नागपूर राजधानी असताना मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी १९५४ मध्ये सुरू केली आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. त्यातले निष्कर्ष ख्रिस्ती संस्थांना मान्य नव्हते, पण संशय कुठून येतो ते कळण्यासाठी हा इतिहास माहीत हवा.

मग दुसरी बाजू सांगावी. त्याच हिस्लॉप यांनी गोंड लोकांची भाषा, चालीरीती आणि त्यांच्या लिंगो या आदिपुरुषाची गाथा टिपून ठेवली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती टिपणं प्रसिद्ध झाली. जी परंपरा संपवायला आले असं म्हटलं जातं, तिचा एक जुना लेखी पुरावा त्यांच्याच वहीमुळे टिकला. संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं व त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. आणि सुवार्ता मुळात युरोपची नाहीच, यरुशलेम आशियात आहे.

वादात हे सगळं एका दमात फेकू नका. समोरच्याला बहुतेक वेळा एकच पाहायचं असतं: तुम्ही आमच्यातले आहात का? यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र (यिर्मया २९:४–७) इथे कामी येतं. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरात एकही पुरती नाहीत. अशा थोड्या लोकांसाठीच ते पत्र लिहिलं होतं.

जात तर मंडळीत नाही ना?

आहे. हे लपवून जीवनदृष्टीवर बोलणं आम्हाला जमणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जात टिकून राहते, हे त्यांनी त्याआधीच लिहून ठेवलं होतं. त्यावर तेव्हाही मंडळीजवळ उत्तर नव्हतं. दीक्षाभूमीवरून जाताना ख्रिस्ती माणसाने मान खाली घालावी असं आम्हाला वाटतं, कारण तिथे जमलेल्या लोकांनी मागितलेली समता आपल्या शास्त्रात गलतीकरांस पत्र ३:२८ मध्ये लिहिलेली होती आणि आपल्या वागण्यात ती त्यांना दिसली नाही.

करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना सांगितलं की तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे (१ करिंथ ११:२०–२२). म्हणजे भाकर, द्राक्षारस, शब्द सगळं बरोबर असूनही विधी रद्द.

आपली मंडळी तपासायची असेल तर हे पाहा. मागच्या दहा वर्षांतल्या कमिटीच्या याद्या काढा आणि कोणत्या घरांतून एकदाही कुणी आलं नाही ते बघा. विवाह मंडळाच्या फॉर्मवर 'मूळ समाज' असा रकाना आहे का? 'आमच्यातलीच हवी' हे वाक्य ख्रिस्ती घर बोलतं तेव्हा 'आमच्यातली' म्हणजे कोण? सफाईचं काम कायम त्याच कुटुंबाकडे का असतं?

कायद्यानेही एक अवघड गाठ मारली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. त्यामुळे काही घरं बाप्तिस्मा झाल्यावरही कागदावर तसं नोंदवत नाहीत. अशा घरांना ढोंगी म्हणणं फार सोपं आहे. मुलाची फी भरायला मंडळीने किती मदत केली, हे आधी विचारावं.

हुंड्याचंही तसंच. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ प्रमाणे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, किमान पाच वर्षं कैद आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याची रक्कम, यांतलं जे जास्त असेल तितका दंड. 'मुलीला प्रेमाने दिलं' या नावाखाली गाडी आणि फ्लॅट मागितला तर तोही हुंडाच. ज्या मंडळीत टिकलीवर संदेश होतात आणि हुंड्यावर होत नाहीत, तिथे ढीग उलटे पडले आहेत.

मुलीला हिंदू किंवा बौद्ध मुलाशी लग्न करायचं आहे. पर्याय काय?

शास्त्राचा कल विश्वासात लग्न करण्याकडे आहे (१ करिंथ ७:३९), पण आधीच झालेला असा संसार मोडू नये असंही तोच अध्याय सांगतो (७:१२–१४). मुलीला घराबाहेर काढणं, मंडळीने वाळीत टाकणं, याला कुठेही आधार नाही.

कायद्याने दोन वाटा आहेत. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ मध्ये दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. विधीची वेळ साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७. मात्र पाळक ते लावतील की नाही हे त्यांच्या पंथावर आहे. कॅथलिकांना बिशपांची सूट लागते, आणि कॅथलिक जोडीदाराला आपला विश्वास सांभाळण्याचं व मुलांना त्यात वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचं वचन द्यावं लागतं. दुसरी वाट विशेष विवाह कायदा १९५४. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस दिल्यावर ३० दिवस आक्षेपांसाठी थांबावं लागतं, लग्नाला तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. लोक हॉल आधी ठरवतात आणि नोटीस नंतर देतात, तिथे तारखा फसतात. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं असलं तरी अर्ज अडतो, ते आधीच सारखं करून घ्या.

धर्म बदलण्याची अट लग्नासाठी घालू नका. लग्नासाठी घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्म्याचाच अपमान आहे.

विज्ञान शिकलं की विश्वास जातो का?

नागपूरकराने हे विचारू नये! हिस्लॉप रविवारी संदेश देत आणि एरवी टाकळी-कामठीकडचे दगड फोडून जीवाश्म गोळा करत. सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी १८५० च्या दशकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर जे लिहिलं, ते भूगर्भशास्त्राच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटहून परतताना ते पुरात बुडाले. तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहायला ते गेले होते. जग देवाचं असेल तर त्यातला दगड वाचणं हाही त्याचाच मान.

एक पाळक एक सांगतात, दुसरे दुसरंच. ऐकायचं कुणाचं?

अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ एच. रिचर्ड नीबर यांनी १९५१ मध्ये ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याच्या पाच भूमिका मांडल्या, विरोधापासून रूपांतरापर्यंत. अभ्यासाला त्या चांगल्या आहेत, पण त्या बहुसंख्य ख्रिस्ती समाजात बसून लिहिलेल्या आहेत. शिवाय संपूर्ण संस्कृतीला एकच भूमिका लागू करता येत नाही. एकच माणूस मराठी भाषा आनंदाने स्वीकारतो, जात नाकारतो आणि लग्नाचे रिवाज बदलून घेतो.

आपल्या शहराला मतभेद घेऊन एकत्र बसण्याचा अनुभव आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगळ्या परंपरांच्या मंडळ्या इथे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आणि त्यांत लेकराला बाप्तिस्मा देणारे व फक्त प्रौढांना देणारे असे दोन्ही होते. ज्या प्रश्नांवर शास्त्र थेट बोलतं (मूर्तीची उपासना, अन्याय, व्यभिचार) तिथे मत मागू नका. ज्यांवर बोलत नाही तिथे रोमकरांस पत्र १४:५ धरा: प्रत्येकाने आपल्या मनाची पूर्ण खात्री करून घ्यावी.

आमच्या मंडळीत यावर अभ्यासगट सुरू करायचा आहे. कसा?

आठ ते बारा माणसं, सहा आठवडे, दर वेळी सव्वा तास. यापेक्षा मोठा गट झाला की दोघे-तिघेच बोलतात. तरुण संघ आणि महिला मंडळ वेगळे बसवू नका. प्रसादाचा प्रश्न सासूला आणि सुनेला वेगळा पडतो, आणि दोघींनी एकमेकींचं ऐकणं हाच निम्मा अभ्यास.

पहिल्या आठवड्यात चार प्रश्न, दुसऱ्यात १ करिंथ ८ ते १० एका बैठकीत मोठ्याने वाचणं (सावकाश वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात), तिसऱ्यात दानीएल १ आणि नामान. चौथ्यात प्रत्येकाने एक वस्तू किंवा कागद आणायचा: लग्नपत्रिका, वर्गणीची पावती, व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज, गळ्यातला ताईत. ती वस्तू मध्ये ठेवून तीन ढिगांपैकी कुठे जाते ते ठरवा. पाचवा आठवडा जात आणि हुंडा, आणि तो टाळायचा नाही. सहाव्यात एखाद्या हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम शेजाऱ्याला चहाला बोलावून विचारा की आमच्यात तुम्हाला काय खटकतं. त्यांच्या बोलण्याला त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.

गट बंद पडतो तो बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कारण पाळकसाहेब उत्तर देऊन मोकळे होतात आणि बाकीचे वह्या मिटतात. त्यांना विनंती करा की शेवटची पंधरा मिनिटंच बोलावं. दुसरं कारण म्हणजे घरातली गोष्ट गटात सांगितली आणि रविवारी ती चर्चच्या पायऱ्यांवर फिरली. पहिल्याच दिवशी ठरवा, इथलं इथेच. आणि चहा सुरुवातीलाच द्या. शेवटी ठेवला की निम्मी माणसं बससाठी उठतात.